घराएवढा बगळा आणि राघोमामांचे कथन

सुज्ञ वाचकहो, एका जपानी चित्रपटाने मुरबाड तालुक्यातील दोन कोवळ्या जीवांना चौदा वर्षे कसे चकविले आणि एका दुपारी पुन्हा कसे एकत्र आणिले, त्याचा वृत्तांत मी येथे सादर करीत आहे. आपण तो प्रसन्न चित्ताने वाचावा.

श्रावणातील शुक्रवार होता. एसटी स्थानकासमोरील आपल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात सुयोग भिंग लावून एका फोनवर वाकला होता. इतक्यात दारात एक ओली छत्री मिटली आणि मंजुळ स्वर आला.

"दादा, डीव्हीडी लावायचं मशीन हाय का हो तुमच्याकडं?"

सुयोगने मान वर केली मात्र, त्याच्या हातातील पेचकस गळून पडला. धसईच्या शाळेत दहावीपर्यंत त्याच्या पुढच्या बाकावर बसणारी भाविका! तीच भुवई, तोच गालावरचा तीळ...

"मशीन हाय," तो कसाबसा म्हणाला. "पण दादा नको गो म्हणू."

"अय्या, सुयोग! दाढीत वळखलंच नाय रे तुला!"

ती शहापूरला औषधांच्या दुकानात कामाला होती. धसईची बस यावयास दोन तास अवकाश होता. तिने पिशवीतून एक डबी काढिली. तिचा भाऊ रितेश जहाजावर होता, त्याने ती जपानहून आणिली होती. डबीवरील चित्र पाहताच सुयोग उडालाच.

"घराएवढा बगळा!"

वाचकहो, पूर्वी याच जागी सुयोगचे मामा राघो यांची सीडी भाड्याने देण्याची लायब्ररी होती. त्यांच्याकडे हा चित्रपट दोन तबकड्यांवर होता. भाषा जपानी, अक्षरेही जपानी. तथापि मामा खचले नाहीत. दर सुट्टीत ते टीव्हीशेजारी उभे राहून पोरांना स्वतःच्या मनाने गोष्ट सांगत. आधी शेतातली मुलगी आणि ढगांच्या गावचा मुलगा बगळ्यावर बसून उडत. मग दुसरी तबकडी लागताच मुलगा तिला ओळखीत नसे. "डोक्याला मार लागलाय त्याच्या," मामा सांगत. शेवटी दोरीच्या पुलावरून मुलगा धुक्यात निघून जाई, तेव्हा मामा म्हणत, "चालला भिवंडीला, लूमवर कापड विणायला. आता काय येत नाय तो." आणि भाविकासह साऱ्या पोरी हमसून हमसून रडत.

"तेव्हापासून ठरवलंय मी," भाविका हळूच म्हणाली, "पुलावर थांबायचं नाय कुणासाठी. रविवारी वाशिंदचे पाव्हणे होकार घ्यायला येणार हायेत. त्याआधी एकदा बघून घ्यावा म्हटलं... शेवटचा."

दहावीच्या निरोपाच्या दिवशी सुयोग तिच्याशी काही बोलणार होता. ओठांपर्यंत आलेले शब्द त्याने गिळिले होते.

त्याने दुकानाचे शटर अर्धे ओढिले, जुने यंत्र पुसले, टीव्हीला जोडिले. दोघे स्टुलांवर बसली. नवी तबकडी एकच होती. आणि काय आश्चर्य! चित्रपट सुरू झाला तो मुलगा-मुलीच्या पहिल्या भेटीने!

"हे तर नंतर होतं रे!" भाविका ओरडली.

मग पूल आला. धुके आले. मुलगा निघून गेला... आणि चित्रपट मात्र थांबला नाही! मुलगी त्याला शोधीत निघाली. नद्या ओलांडल्या, ढग ओलांडले. सुयोग ताडकन उभा राहिला.

"मामानं तबकड्यांवर मार्करनं आकडे टाकलेले... उलटे टाकले गो! एकची दोन, दोनची एक!"

"म्हणजे त्याच्या डोक्याला मार..."

"लागलाच नव्हता! पहिल्यांदाच भेटत होता तो तिला!"

"आणि भिवंडी?"

"भिवंडी मामाच्या डोक्यातली!"

दोघे पोट धरून हसली. हसता हसता पडद्यावर मुलाने हात पुढे केला, तिला बगळ्यावर ओढून घेतले, आणि पाण्याने भरलेल्या खाचरांवरून ती दोघे उडाली. भाविकाचे डोळे भरून आले.

"मामांनी निदान चुकीचं तरी सांगितलं," ती पडद्याकडेच पाहत म्हणाली. "काही लोकांनी तर काहीच नाय सांगितलं."

सुयोगचे कान लालबुंद झाले.

"भाविका... वाशिंदवाल्यांना नाय म्हण."

"का म्हणू?"

"कारण... मी विचारतोय. दहावीतच विचारायचं होतं. लगीन करशील माझ्याशी?"

तिने फोन काढिला, धसईला लाविला.

"बाबा, रविवारी वाशिंदच्यांना येऊ नका सांगा... नाय, आजारी नाय मी. दुसरं कोणतरी हाय... कोण? थांबा, तोच सांगतो." आणि फोन सुयोगच्या हाती कोंबून ती पुटपुटली, "आता गिळलास तर बघ!"

"काका," सुयोग एका दमात म्हणाला, "मी सुयोग, राघोमामांचा भाचा. मला भाविकाशी लगीन करायचंय."

पलीकडून खाकरण्याचा आवाज आला.

"पोरीला असं फोनवर मागतात काय रे? रविवारी आईला घेऊन ये. आणि मामाला बोलू देऊ नको."

भाविकाने फोनला कान लावूनच ऐकले होते. तिने सुयोगचा हात घट्ट धरिला, आणि धसईची बस समोरून निघून गेली तरी सोडिला नाही.

हा वृत्तांत आपण गोड मानून घेतलात, याबद्दल आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
साईनाथ कोंडू पष्टे, मुरबाड