ओढ्याकाठची पिशवी

आपल्या पालकाच्या वाफ्यात कुणीतरी गुडघे टेकून बसलंय, हे वृषालीनं बांधावरूनच पाहिलं आणि तिचं डोकं सटकलं.

"ओ पावणं! रान काय तुमच्या बापाचं हाय?"

तो दचकून उठला. गुडघ्यांना चिखल, कानामागे पेन, हातात लाकडी पट्टी. "माझ्या नाही... तुमच्या बापाचं. कुशाबांना विचारूनच आलोय. मी ऋषी, राजुरीचा. माती तपासायला आलोय."

ती वरमली, पण हार मानेल तर कुशाबाची पोर कसली! तिनं कमरेचं खुरपं पुढं केलं. "मग त्या फळकुटानं काय उकरताय? हे घ्या."

"लोखंड चालत नाही. त्याचा अंश मातीत उतरतो."

"अगं बाई! लोखंडाला तर भुतं भितात म्हणं."

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागून. तिथंच पोरगी फसली.

गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. ओढ्याच्या वरच्या अंगाला लोखंडी सामानाला मुलामा देणारा एक छोटा कारखाना होता. त्याचं सांडपाणी ओढ्यात, आणि ओढ्याचं पाणी मोटरीनं या वाफ्यांत. त्या पाण्यातून शिसं, कॅडमियम असले धातू मातीत उतरतात, मातीतून पालेभाजीत आणि भाजीतून माणसात. म्हणून ऋषीची प्रयोगशाळा ओढ्याकाठची रानं तपासत होती. कुशाबाचं वरचं रान कोरडवाहू, तिथं हे पाणी पोचायचं नाही. घर चालायचं ते ओढ्याकाठच्या वीस गुंठ्यांवर.

ऋषी चार-पाचदा आला. वृषालीची आई सोनीबाई त्याला दर वेळी जेवायला बसवायची. तो भाकरी खायचा, ठेचा खायचा, पालकाच्या वाटीला हात लावायचा नाही.

"आमच्या हातचं विष लागतं व्हय?" एकदा वृषालीनं विचारलंच.

तो कानापर्यंत लाल झाला. "हातचं नाही हो... रानाची शंका आहे. रिपोर्ट आला की पोटभर खाईन."

शेवटच्या खेपेला त्यानं वाफ्यांतली माती एकत्र केली, नमुना पिशवीपुरता करायला ढिगाचे चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन टाकून दिले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "एवढी पिशवी भरता? तुमच्यावर विश्वास आहे," म्हणून तो बांधाकडे गेला.

रिपोर्ट वाईट आला तर कुठला व्यापारी दारात उभा राहणार? वृषाली पळत वरच्या रानात गेली, तिथली माती पिशवीत भरली आणि चिठ्ठीवर लिहिलं... ओढ्याकाठ. दोन्ही रानं काळीच, ओळखणार कोण?

ओळखणारी एकच होती, आणि तिला झोप लागेना. पुढचे तीन आठवडे तिनं घरात पालक शिजवला नाही. रोज पिठलं. नारायणगावच्या बाजारात मात्र जुड्या जात होत्या.

आणि एका दुपारी ऋषी कागद नाचवतच आला. "कुशाबा, माती स्वच्छ!"

घरात सण झाला. कुशाबानं व्यापाऱ्याला फोन लावला, "उद्या मोठी गाडी धाडा!" सोनीबाईनं लसणाची फोडणी देऊन पालक केला. ताटं वाढली. ऋषीनं वृषालीकडे बघत मोठा घास केला. "आज तुमच्या रानचं खातो."

घास ओठांशी आला, आणि वृषालीनं त्याचं मनगट धरलं.

"नका खाऊ!" मग ती वडलांकडे वळली. "दादा, तुमीबी हात धुवा. ती माती... वरच्या रानाची व्हती. मी भरली."

कुशाबाचा हात ताटातच थांबला. ऋषीनं घास खाली ठेवला. त्याचा आवाज अगदी हळू झाला.

"तीन आठवडे लोकांना खाऊ घातलंस. माझा एकच घास नाही बघवला?"

"त्यांची तोंडं मला दिसत नव्हती," वृषाली रडत म्हणाली. "तुमचं दिसतंय. तुमी मला लई आवडता. आता हे सांगायला तोंड ऱ्हायलं न्हाई... तरी सांगते."

तो उठला, हात धुतले, चपला घातल्या. संपलं सगळं, असं तिला वाटलं. मग अंगणातून हाक आली, "उजेड आहे तोवर चल. माती परत घ्यायचीय."

तिघं रानात गेली. या खेपेला मातीचा ढीग कुशाबानंच केला. पिशवी भरली. ऋषीनं चिठ्ठी आणि पेन तिच्यापुढं धरलं.

"अजून विश्वास हाय?"

"नाही," तो म्हणाला. "म्हणून समोर बसून बघतोय. लिही."

तिनं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग तिनं वडलांच्या खिशातला फोन काढून व्यापाऱ्याला लावला. "उद्या गाडी नका धाडू. आमच्या पालकाची खात्री न्हाई. आधी गेला त्याचीबी न्हवती... लोकांना सांगा." तिकडून शिव्या आल्या. तिनं त्या शेवटपर्यंत ऐकल्या.

ऋषीचे डोळे पुन्हा हसले.

"रिपोर्ट वाईट आला, तर या वाफ्यांत झेंडू लावायचा. फुलं कुणी खात नाही."

"आणि तुमी जेवणार काय?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"पिठलं," तो पिशवीची गाठ आवळत म्हणाला. "तू करशील तोवर... रोज."