माशाचा हिरवा काटा

"अर्धा गुण. एकक लिहिलं नाही म्हणून पुन्हा अर्धा गुण. ह्या माणसाला झोप तरी कशी लागते?"

इम्केला वाटलं, आपण हे मनातल्या मनात म्हणालो. पण खानावळीतल्या त्या टेबलावर समोर बसलेल्या मुलाला जोरात ठसका लागला. दूधभातावरची दालचिनी नाकात गेली असावी, बिचाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"कोणाला... कोणाला झोप लागत नाही म्हणालीस?"

"गृहपाठाच्या तपासनिसाला. हे बघ." तिनं कागद त्याच्यापुढे सरकवला. समासात हिरव्या शाईनं माशाचा काटा काढलेला होता — डोकं, शेपूट आणि मधे नुसती हाडं. "एकक विसरलं की हा काटा काढतो आणि अर्धा गुण खातो. तीन आठवड्यांत नऊ काटे झाले माझे. मांजर पाळायला हवं."

मुलानं कागदाच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला. सत्तेचाळीस. आणि त्याचा चेहरा असा काही झाला, की जणू भर दुपारी भूत बघितलं.

"काय रे? इतकं भयानक अक्षर आहे का माझं?"

"नाही, नाही... मी योस्ट." एवढंच बोलून त्यानं पाण्याचा अख्खा पेला रिकामा केला.

बाहेर जर्मनीतल्या कील शहराचा जानेवारी भुरभुरत होता, खिडकीबाहेर कठड्यावर दोन सीगल भिजत बसले होते, आणि इम्केला चेष्टामस्करीची चैन मुळीच परवडणारी नव्हती. भौतिकशास्त्राच्या ह्या वर्गाचा नियम सोपा आणि निर्दय होता. दर शुक्रवारी दहाच्या आत गृहपाठ लाकडी पेटीत टाकायचा. कागदावर नाव नाही, फक्त नंबर. तपासणाऱ्याचंही नाव कोणाला कळू द्यायचं नाही. दहा गृहपाठ, प्रत्येकी वीस गुण. शंभर झाले तर परीक्षेला बसता येणार, नाही तर घरी. दोनदा नापास झालेल्या इम्केची ही तिसरी खेप होती, आणि चौथी कोणालाच मिळत नसे. फ्योर बेटावर फेरीबोट चालवणाऱ्या बापाची ही मुलगी; संशोधनाच्या जहाजावर जायचं हे तिनं आठव्या वर्षीच ठरवून टाकलेलं. त्या जहाजाची वाट ह्या शंभर गुणांवरून जात होती.

"उतारावरच्या पेटीचं गणित अडलंय ना तुझं?" योस्टनं विचारलं. "कोण कोणाला ढकलतंय, ते आधी सांग."

"कोणी कोणाला ढकलत नाहीये. पेटी आहे, उतार आहे, आणि मी रडतेय."

"मग रडणारी सोडून बाकीच्यांची चित्रं काढ."

ती हसली. हसायचं नाही असं ठरवलेलं होतं, तरी हसली. तसं मग दर गुरुवारी दुपारी तेच टेबल ठरून गेलं.

योस्ट कधी उत्तर सांगायचा नाही. नुसतं विचारायचा. घर्षण कुठल्या बाजूला? वजन कुठे चाललंय? ती चुकली की चहातली साखर ढवळत राहायचा, आणि त्या ढवळण्यावरूनच तिला कळायचं, की आपलं गाडं खड्ड्यात गेलं. एकदा त्यानं विचारलं, "तुझ्या बाबांच्या बोटीत गाड्या चढतात त्या फळीवरून हँडब्रेक न लावता गाडी सोडली तर?"

"बाबा मला सोडतील. समुद्रात."

"आणि गाडी?"

"गाडी खाली येईल. जेवढी उंची उतरली, तेवढा तिचा वेग..." ती बोलता बोलता थांबली. "अरे. एवढंच आहे होय हे? किती उंची उतरली, आणि वाटेत घर्षणानं किती खाल्लं?"

योस्ट असा हसला, की इम्केला उगीचच आपले केस ओले असल्याची आठवण झाली.

त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला कायम हिरवा डाग असायचा. "वनस्पतिशास्त्र शिकतोस का?" तिनं एकदा विचारलं. त्यानं हात टेबलाखाली नेला आणि म्हणाला, "थोडंफार." आणि तपासनिसाला तर ती दर वेळी शिव्या घालायची. हा माणूस जन्मतःच म्हातारा असणार, ह्याच्या घरी आई जेवण वाढते तेही ग्रॅममध्ये मोजून. योस्ट ऐकायचा, मान हलवायचा, आणि त्याचे कान लाल व्हायचे. तिला वाटायचं, थंडीनं होत असतील.

शेवटच्या गृहपाठाआधीच्या गुरुवारी दोघं बाहेर पडले तेव्हा पाऊस तिरपा येत होता. तिनं आपला मफलर सोडून त्याच्या गळ्यात घातला, दोन वेढे दिले आणि टोक आत खोचलं. "तुला सर्दी झाली तर मला कोण विचारणार, कोण कोणाला ढकलतंय ते?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. पाठ फिरवून तरातरा समोरच्या भौतिकशास्त्राच्या इमारतीत शिरला, मफलरसकट. इम्के पावसात उभी राहिली. चुकलं का आपलं काही?

तिला शहाऐंशी गुण होते. चौदा हवे होते.

बुधवारी कागद हातात आला. शाई निळी होती. समासात काटा नव्हता, मासा नव्हता, काहीच नव्हतं. तिसऱ्या गणितापाशी नुसती एक ओळ: "बलांवरून सोडवायला हवं होतं." वजा अर्धा. शेवटचं गणित तिनं सोडूनच दिलं होतं, त्याचे सहा आधीच गेलेले. एकूण साडेतेरा.

साडेनव्व्याण्णव. अर्ध्या गुणासाठी जहाज गेलं.

डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग एकाएकी संताप आला. वेग काढा, एवढंच तर विचारलं होतं. कसा काढा हे कुठे लिहिलं होतं? ती तीन जिने चढून डॉक्टर थीसेनबाईंच्या दारात उभी राहिली. ह्या बाई सगळ्या तपासनिसांच्या वरच्या. आवाज असा, की हवामानाचा अंदाजही निकालासारखा वाटावा.

"आधीच्या तपासनिसानं असे गुण कापले नसते," इम्के एका दमात म्हणाली. "एकक विसरलं तर काटा काढला असता. पण बरोबर उत्तर त्यानं कधीच चूक धरलं नाही. तो कुठे गेला?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सत्तेचाळीस म्हणजे तुम्ही? बसा. तुम्हाला हे दाखवणं भागच होतं." त्यांनी एक कागद पुढे केला. "तपासनिसाला आपण पक्षपाती होऊ असं वाटलं, तर त्यानं लेखी कळवून बाजूला व्हायचं. तसं त्यानं गेल्या गुरुवारी केलं. ओला होऊन आला होता, जमिनीवर पाणी केलं."

हिरवी शाई. ओळखीचं अक्षर. "नंबर सत्तेचाळीसचा कागद तपासायला मला गेल्या आठवड्यात दीड तास लागला. बाकीचे चौतीस मिळून दोन तासांत झाले. कारण: मी तिच्या प्रेमात आहे. तिला हे माहीत नाही. मी कोण, तेही तिला माहीत नाही." खाली सही. योस्ट.

इम्केनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. नऊ काटे, हिरवं बोट, लाल कान, ग्रॅममध्ये जेवण वाढणारी ती आई... अरे देवा. त्याच्या तोंडावर. सात गुरुवार.

"पाणी हवंय का?" बाईंनी विचारलं.

"नको."

"मग खडू घ्या. तुमची तक्रार तिसऱ्या गणिताची आहे ना? ते मांडून दाखवा. ह्या कागदाचा त्याच्याशी संबंध नाही."

तिला वाटलं, आपल्याला स्वतःचं नावसुद्धा आठवणार नाही. ऐंशी किलोची पेटी, आठ मीटरचा उतार, दोन मीटर उंची, शंभर न्यूटन घर्षण. कोण कोणाला ढकलतंय... ती बोटीच्या त्या फळीवर जाऊन उभी राहिली, मनानं. उंची उतरून मिळाले साधारण पंधराशे सत्तर ज्यूल. घर्षणानं वाटेत खाल्ले आठशे. उरलं ते वेगाचं.

"चार पॉइंट चार," ती म्हणाली, आणि लिहिलं: मीटर प्रति सेकंद.

"आता बलांवरून."

तिनं बाण काढले. वजनाचा उताराकडे ओढणारा हिस्सा, त्यातून घर्षण वजा, मग त्वरण, मग आठ मीटर. खडू दोनदा तुटला. शेवटची ओळ लिहिताना तिला आधीच ठाऊक होतं काय येणार ते. चार पॉइंट चार. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी उतरल्या होत्या.

थीसेनबाईंनी निळी ओळ खोडली आणि साडेतेराचे चौदा केले, चेहऱ्यावरची रेष न हलवता. "परीक्षा एकोणीस तारखेला. आणि त्या कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात विद्यार्थ्याचं म्हणणं लिहायचं असतं. तो रिकामा आहे. हवं तर भरा, मला घाई नाही."

इम्केनं कागद घेतला. जिन्यात बसून तिनं तो भरला.

योस्ट त्याच टेबलावर होता. गळ्यात तिचा मफलर, पुढ्यात न खाल्लेला दूधभात. तिच्या हातातला कागद बघितला आणि त्याच्या तोंडचा रंग उडाला.

"पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं," तो घाईघाईनं म्हणाला. "पण तू मांजर पाळायचं म्हणालीस आणि मला... मग दुसऱ्या गुरुवारी आणखी अवघड झालं. नियमही होता, पण नियमाचं निमित्त होतं, खरं सांगतो. तुझे गुण?"

"शंभर."

त्यानं डोळे मिटले. खांदे एकदम खाली आले.

"आता माझं ऐक," इम्के म्हणाली. "सात आठवडे मी तुझ्या तोंडावर तुला शिव्या घातल्या आणि तू साखर ढवळत बसलास. मला इतका राग आलाय, की हा दूधभात तुझ्या डोक्यावर ओतावा. आणि थीसेनबाईंना लिहून देतोस? मला सांगायचं सोडून? त्या वाक्याचा पहिला हक्क माझा होता."

"सांगू आता?"

"सांग. पूर्ण वाक्य."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, इम्के." आवाज बारीक आला, पण शेवटपर्यंत आला. "आणि तुझ्या कागदावरचे सगळे काटे मी खरेच दिलेत. एकही उगाच नाही."

तिचा राग कुठे गेला, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं कागद त्याच्यापुढे सरकवला, पहिल्या दिवशी सरकवला होता तसाच. खालच्या भागात तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: "तक्रार नाही. माझंही त्याच्यासारखंच झालंय. ह्यापुढे त्यानं माझा एकही कागद तपासू नये." आणि सही.

योस्ट वाचत राहिला. किती वेळ वाचत राहिला. मग सवयीनं त्याचं हिरवं बोट ओळीखाली सरकत शेवटाला आलं.

"तारीख राहिलीय," तो पुटपुटला.

"तूच टाक," इम्के म्हणाली.

त्यानं खिशातून पेन काढलं आणि तारीख घातली. मग समासात मासा काढायला घेतला. आधी नेहमीचा काटा: डोकं, शेपूट, हाडं. इम्के पुढे वाकून बघत होती. हाडांभोवती त्यानं हळूहळू पोट काढलं, पाठ काढली, कल्ले काढले, आणि सगळ्यात शेवटी, तिच्याकडे बघत, एक उघडा डोळा.