पाऱ्याचा झिम्मा

"पावणं, हात आवरा! पारा हाय त्यो, शेंगदाणं न्हाईत!"

कृष्णात मास्तरांशी माझं पहिलं बोलणं हे असं. तेव्हा शाहू महाराजांचं राज्य. गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, आमचं सोनारकीचं दुकान, चांदीवर सोन्याचा मुलामा द्यायला पारा लागायचा. हे कॉलेजातले मास्तर तो प्रयोगासाठी न्यायला आले आणि बाटलीच सांडली. मग काय... दोघं खाली बसून कागदानं पाऱ्याच्या गोळ्या गोळा करत होतो. त्यांचं लक्ष पाऱ्यावर कमी, माझ्यावरच जास्त!

मागनं कळलं, आमच्या आत्याच्या नात्यातलेच. मग माझे वडील, आबा, त्यांना गूळपाण्याला थांबवायचे, अन् मास्तर सारखं पाऱ्याचं निमित्त काढायचे.

एकदा म्हणाले, "परदेशात एका साहेबानं पारा भयंकर गार केला. त्यातनं वीज जाताना अडथळाच लागंना... शून्य! का, ते कुणालाच ठाऊक न्हाई."

"त्यात काय! नागपंचमीला एकटी पोरगी गर्दीत घुसली की सगळ्यांना धडकती. जोड्या लावून झिम्मा धरला, ठेका एक झाला, की कुणाचा कुणाला धक्का न्हाई. विजेच्या कणांनीबी जोड्या लावल्या असतील की!"

"मग गारठा कशाला, शालूबाई?"

"डोकं तापलं की जोडी फुटती!"

ते खो खो हसले. हसताना इतके गोड दिसले, की माझं काळीज गेलंच.

श्रावणात एका सकाळी आले, ते पिशवी घेऊनच. "बंगळूरला शिकायला निघालोय. तुम्ही हो म्हणालात तर दिवाळीत लग्नाला येतो. न्हाईतर... घरच्यांनी सांगलीची मुलगी बघून ठेवलीय."

माझं टाळकंच सटकलं. "गाडीची येळ झाल्यावर इचारताय व्हय? जावा की सांगलीला!"

ते पिशवी उचलून पायरी उतरले. आबा नुसतं म्हणाले, "तापलीस व्हय गं?"

माझेच शब्द मला झोंबले. रांजणातला गार पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतला अन् धावले.

"शालू, पाऊस न्हाई... भिजलीस कशी?"

"डोकं गार करून आले." झिम्म्याला धरतात तसे दोन्ही तळवे मी भर गुजरीत पुढं केले. "मला तुम्हीच पायजे. द्या टाळी!"

त्यांनी टाळी दिली, अन् हात सोडलाच नाही. अख्खी गुजरी बघत होती. बघू दे की!

पंचेचाळीस वर्षांनी मास्तर पेपर नाचवत आले. शास्त्रज्ञांना कोडं सुटलं होतं : त्या गारठ्यात विजेचे कण खरंच जोड्या लावतात, साऱ्या जोड्या एका तालात चालतात, म्हणून अडथळा लागत नाही.

"शालू, तुझा झिम्मा छापून आलाय!"

"पेपर ठेवा बाजूला," मी म्हटलं, "आधी टाळी द्या."