विमानाच्या पोटातली ओळ

विमान खोक्यात मिळतं, सहाशे तुकड्यांत मिळतं आणि ते घरी बसून जोडण्यात चांगली शिकली-सवरलेली माणसं दोन-दोन वर्षं घालवतात, हे नीतू डोंगरवारला वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे नोव्हेंबरातल्या त्या दुपारी ती जे बोलून गेली, त्यात तिचा बिचारीचा काही दोष नव्हता.

कोहमाऱ्याच्या चौकात, धाब्यांच्या रांगेत, ‘डोंगरवार रेडियम’ हे तिच्या वडिलांचं दुकान. ट्रकवरची नावं, नंबर प्लेटा, मोटारसायकलींवरचे वाघ-सिंह, सगळं इथं कापून चिकटवून मिळायचं. दुकान दुधराम डोंगरवारांचं, पण हात नीतूचा. दुधराम बहुतेक वेळ समोरच्या चहाच्या टपरीवर राज्याचा कारभार कसा चालवावा हे सांगत बसलेले असत.

तर त्या दुपारी एक मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेलं, दोरीनं बांधलेलं काहीतरी लांबलचक होतं. उतरणारा पोरगा उंच, उन्हानं रापलेला, केसांत भाताचा कोंडा.

“ताई, बारीक अक्षरं लिहून भेटतील का?”

“भेटतील ना. गाडी कुठं आहे?”

“गाडी नाई… विमान आहे.”

नीतू हसली. मग त्यानं गोधडी उलगडली, आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. आत विमानाचा पंख होता. चांगला सव्वादोन फुटांचा, राखी-हिरवा, त्यावर खिळ्यांच्या टोकाएवढ्या ठिपक्यांच्या सरळ रांगा.

“अरे बाप्पा!” ती म्हणाली. “कोणत्या पोराचं खेळणं आहे हे?”

“माहं.”

तो लाजला नाही की हसला नाही. सत्तावीस वर्षांचा माणूस भर चौकात ‘माझं’ म्हणतो, म्हणजे काय! नीतूला आधी विमानाचा धक्का बसला होता, आता माणसाचा बसला.

नाव प्रफुल कापगते. गाव इटियाडोह धरणाच्या कालव्यावर, नोकरी राईस मिलमध्ये मशीन दुरुस्तीची. मामाचं घर बिरसीला, विमानतळाला लागून, त्यामुळे लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या डोक्यावरून जाणारी विमानं मोजण्यात गेलेल्या. हे विमान जुन्या महायुद्धातलं, दोन इंजिनांचं, खऱ्याच्या बरोब्बर चोविसाव्या हिश्श्याचं. खोक्यात त्याचे स्टिकर आले होते, पण टिनाच्या खोलीतल्या दोन उन्हाळ्यांनी त्यांचा जीव घेतला. चिकटवायच्या आधी भिजवायचे म्हणून पाण्यात टाकले, तर तुकडे तुकडे होऊन तरंगायला लागले.

“अक्षर केवढं पाहिजे?” नीतूनं विचारलं.

“तांदळाच्या कणीएवढं.”

“मशीननं नाई होत. हातानं करून देईन.”

“हातानं? …जमते?”

आता हे विचारायची गरज होती का? नीतूनं सगळ्यात बारीक ब्रश उचलला, त्याच्या मोटारसायकलकडे एकदा पाहिलं आणि अख्खा नंबर स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर लिहून नख त्याच्यापुढं धरलं. प्रफुलनं तो अंगठा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला… आणि सोडायचं विसरला.

“वाचून झालं असंल तं हात द्या परत,” नीतू म्हणाली.

तो दचकला. गोधडी तिथंच टाकून निघाला, ती न्यायला परत आला, आणि दुसऱ्यांदा निघताना हेल्मेट विसरला.

तेव्हापासून दर गुरुवारी, मिलच्या सुट्टीला, तो यायला लागला. कधी चाकं, कधी शेपटी, कधी काडेपेटीत बसतील अशा दोन खुर्च्या. पायलटच्या पुढ्यातली घड्याळंही नीतूनंच रंगवली. बत्तीस घड्याळं, प्रत्येकात काटा, आणि काट्यामागे आकडे. एक चुकला की श्वास रोखून पुसायचा, पुन्हा लिहायचा. तो समोरच्या स्टुलावर बसून गप्प पाहत राही. तिचा ओठ दातात धरला जाई आणि याच्या हातातला चहा गार होई.

“काय पाहून राहिला गा?”

“घड्याळ.”

“घड्याळ इकडं आहे. तू भलतीकडंच पाहून राहिला.”

“…तिकडं पण टाइम चांगला चालू आहे.”

“पहिल्या दिवशी ताई म्हणलं होतं ना मले?”

“चूक झाली,” तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की नीतूच्या हातातलं सतरावं घड्याळ बिघडलं.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. हा माणूस भयंकर तपासणारा होता. एकेक तुकडा उजेडाकडे धरून, भिंगातून, दहा-दहा मिनिटं पाहायचा. चाकावर केसाएवढी रेघ दिसली तरी घासून पुन्हा रंगवायचा. “एकदा चिटकलं की संपलं,” म्हणायचा. “हे सोल्यूशन प्लास्टिक वितळवते. दोनाचं एकच होते मग.” असं म्हणून तिच्याकडे पाहायचा… आणि पुढचं, जे तिला ऐकायचं होतं, ते काही केल्या बोलायचा नाही. सहाशे तुकडे जोडणाऱ्या माणसाला दोन शब्द जोडता येऊ नयेत, याला काय म्हणावं!

बोलत तर तीही नव्हती. आणि तेवढ्यात फेब्रुवारी लागला आणि प्रेमिला आत्या स्थळ घेऊन आली. तिरोड्याचा मुलगा, शिक्षक, चांगलं घर. रविवारी पाहायला येणार. दुधराम खूश, आई खूश. नीतूला मात्र कुणीतरी चालत्या गाडीतून उतरवून दिल्यासारखं झालं.

प्रफुलला फोन करायचा? तिनं मेसेज तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. फोन घरात चार हातांतून फिरायचा. शिवाय, खरं सांगायचं तर, तिला भीती वाटत होती. नाही म्हणाला तर?

गुरुवारी तो सकाळीच आला. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग आतून किरकोळ खुणा लिहायला टाकले आणि सुट्टी असूनही मिलमध्ये हंगामाचं काम आहे म्हणून लगेच पळाला. संध्याकाळी न्यायला येणार होता. नीतूनं खुणा लिहिल्या. मग आजूबाजूला पाहिलं. बाबा टपरीवर होते. तिनं डावा भाग उचलला आणि पायलटच्या खुर्चीमागे, हिरव्या रंगावर, पांढऱ्या अक्षरांत एक ओळ लिहिली:

‘रविवारी मले पाहाले येऊन राहिले. त्याच्या आधी ये. – नी.’

तांदळाच्या कणीएवढी अक्षरं. पण चाकावरची रेघ ज्याला दिसते, त्याला ही ओळ दिसणार नाही? जोडायच्या आधी तो भिंग लावणार, वाचणार, आणि मग काय ते त्याच्या चेहऱ्यावरून नाहीतर पावलांवरून कळेल. संध्याकाळी त्याच्या हातात दोन्ही भाग देताना तिनं डावा मुद्दाम वर ठेवला. त्यानं ते गोधडीत ठेवले, “येतो” म्हणाला आणि गेला.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला तिची मान वर व्हायची.

रविवारी तिरोड्याचे लोक आले. नीतूनं चहा नेला. मुलगा वाईट नव्हता, आणि हीच खरी अडचण होती. नाव ठेवायला काही सापडेना. त्यानं तिला तिच्या कामाबद्दल विचारलं, तिनं काहीतरी उत्तर दिलं. जाताना त्यांनी पसंती कळवली. दुधराम म्हणाले, “उद्या संध्याकाळी आमचं फोनवर सांगतो.” नीतू दाराशी उभी होती. आला नाही… म्हणजे वाचूनही आला नाही. इतक्या साध्या गोष्टीला तिच्या मनात दुसरा अर्थच निघत नव्हता.

आणि सोमवारी दुपारी, सुट्टी नसताना, प्रफुल दुकानाच्या पायरीवर उभा! चेहरा असा फुललेला, की नीतूला आधी संताप आला. त्याच्या दोन्ही हातांवर विमानाचं अख्खं धड होतं, मधली फटसुद्धा घासून गुळगुळीत केलेली.

“पाय, बंद झालं! गुरुवारीच चिटकवलं घरी जाऊन. तीन दिवस सुकवलं, आज सुट्टी टाकली. म्हणलं पहिले तुले दाखवतो.”

“तू… वाचलं नाई?”

“काय?”

“आत. जोडाच्या आधी आत पाहिलं नाई तू?” तिचा आवाज चढला. “चाक दहा मिनिटं पाहतो, बोल्ट पाहतो, सगळं भिंगातून पाहतो, अन् हे नाई पाहिलं?”

प्रफुल गोंधळला. “ते तं माहं काम तपासतो मी. तू केलेलं कायले तपासू? तुवं काम मी आजपर्यंत एकदाही तपासलं नाई.”

नीतू खाली बसली. स्टूल होतं म्हणून स्टुलावर, नसतं तर जमिनीवर बसली असती. चार दिवस जिच्यापायी तिनं रडून घेतलं होतं ती गोष्ट घडलीच नव्हती. याचा भरवसाच तिच्या मुळावर आला होता.

“काय लिहिलं होतं?”

तिला सांगता येईना.

“महत्त्वाचं होतं?”

“होतं.”

प्रफुलनं विमानाकडे पाहिलं. दोन वर्षं. मिलमधून आल्यावरच्या सगळ्या संध्याकाळी. मग त्यानं भिंतीवर टांगलेली, नंबर प्लेटा कापायची आरी काढली.

“अरे काय करून राहिला? थांब! …प्रफुल!”

आरीचा पहिला दात करकरत प्लास्टिकमध्ये शिरला. ती उठली, त्याचं मनगट धरलं. त्यानं हळूच सोडवलं. तो घाई करत नव्हता, रागात नव्हता, फक्त सांध्यावरून सावकाश आरी ओढत होता. पांढरा भुसा त्याच्या पँटवर पडत होता. थांब, मी सांगते, असं तिला ओरडायचं होतं. पण डोळ्यांदेखत कुणीतरी आपल्यासाठी असं काही करतंय, हे तिला शेवटपर्यंत पाहायचंही होतं. शेवटी कडकन आवाज झाला आणि धडाचे दोन भाग झाले. बत्तीस घड्याळांची पट्टी मधोमध तुटली.

त्यानं मोबाइलचा उजेड आत धरला. वाचलं. पुन्हा वाचलं. रापलेला चेहरा राखेसारखा झाला.

“रविवारी… म्हणजे कालच?”

तिनं मान हलवली.

“अन् आले होते?”

“आले होते. पसंत केलं. बाबा आज संध्याकाळी होकार कळवून राहिले.”

तो पायरीवर बसला आणि लगेच उठला. डावा तुकडा हातात घेतला आणि ट्रकांच्या मधून वाट काढत सरळ समोरच्या टपरीवर गेला. नीतू घाबरून मागोमाग धावली.

दुधराम चहाचा ग्लास तोंडाला लावत होते. समोर हातात तुटलेलं विमान घेतलेला, अंगभर पांढरा भुसा झालेला पोरगा पाहून त्यांना ठसकाच लागला.

“हे काय गा? दोन वर्ष बनवलं म्हणे, अन् फोडलं काऊन?”

“आत नीतूचं लिहिलेलं होतं, काका. वाचाचं राहून गेलं होतं.” प्रफुलनं तुकडा त्यांच्यापुढं धरला. “उद्या बाबाले घेऊन येतो रीतीनं. पण तुमी आज फोन करून राहिले म्हणून आजच सांगतो. मले नीतूशी लग्न करायचं आहे. हे मी नोव्हेंबरातच सांगाले पाहिजे होतं. माही चूक आहे.”

चहावाल्याची गाळणी हवेतच थांबली. दुधरामांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, तुकडा उन्हाकडे धरला आणि एकेक अक्षर वाचत गेले.

“अक्षर तुवंच का?”

“हो,” नीतू म्हणाली.

“मग काल आमच्यासमोर काऊन नाई बोलली वो?”

“तुमी विचारलं नाई, बाबा. चहा आण म्हणलं. मुलगा पसंत आहे का, हे तुमी आत्याले विचारलं.”

दुधराम पोरीकडे पाहत राहिले. त्यांनी ग्लास खाली ठेवला, तो कडेला लागून उलटला, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

“आता विचारतो,” ते हळू म्हणाले.

“आता सांगते.” ती पुढं आली. “मले प्रफुल पाहिजे.”

हे ती एवढ्या मोठ्यानं बोलली, की वळण घेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरनंही खिडकीतून डोकं बाहेर काढलं. प्रफुलनं डोळे मिटले आणि उघडले, खरंच ऐकलं की काय याची खात्री करत असल्यासारखे.

दुधरामांनी फोन काढला. “प्रेमिला… तिरोड्याच्या लोकांले नाई म्हणाचं आहे. हो, नाईच. हात जोडून सांग, पण नाई सांग.”

“काऊन पण?” आत्याचा आवाज अख्ख्या टपरीनं ऐकला. “काल तं सगळं ठीक होतं! काऊन?”

“काऊन म्हणजे…” दुधराम अडखळले. त्यांनी फोन कानावरून काढला आणि नीतूपुढे धरला.

“घे. तूच सांग तिले.”

नीतूनं फोन घेतला, आणि सांगितलं.