थांबलेला पडदा

बारक्या गेला त्या दुपारी मी वर चहा पीत बसलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सारवासारव नको.

बारक्या माझा धाकटा भाऊ. तो खाली बोगद्यात पंपावर, मी वर नियंत्रण खोलीत. बोलणं दोन जुन्या टर्मिनलांवरून. काळा पडदा, हिरवी अक्षरं. खालून वर एकशे चाळीस पायऱ्या, बारक्या त्या मोठ्याने मोजत चढायचा. शेवटी लोखंडी दार, ते फक्त वरून उघडायचं. सकाळी आमची चांगलीच जुंपली होती. दुपारभर त्याचा निरोप आला नाही, तेव्हा म्हटलं, स्वारी फुगलीय, फुगू दे.

खाली पाणी भरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं. त्याचं टर्मिनल भंगारात गेलं, माझ्या खोलीला चौकशीसाठी सील लागलं. "त्याने मला काही कळवलंच नाही गं," असं मी आईला सांगितलं.

साडेचार महिन्यांनी सील निघालं. जुनी यंत्रं न्यायला दुरुस्तीवाले काका आले. माझं टर्मिनल तसंच चालू होतं, त्या दिवसाच्या नोंदींवर अडकलेलं.

"हे बिघडलेलं नाही," काका म्हणाले. "कोणीतरी कंट्रोल-एस दाबून पडदा थांबवलाय."

ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर त्याच बटणांनी काम सेव्ह होतं. त्या दुपारी नोंदी संपवून मी सवयीने तीच दाबली होती.

"मग आलेले निरोप?"

"ते येतच राहतात. नुसते दिसत नाहीत. कंट्रोल-क्यू दाबा, सुटतील सगळे."

काका गाडीकडे गेले. मी दाबलं.

२.१० दादा, पाणी चढतंय. दार उघड.

२.१९ दादा, दार.

२.३१ सकाळचं माझं चुकलं. उघड ना.

मी तोंडावर हात धरून रडलो. अक्षरं मात्र येतच होती. पुढची तारीख चौथ्या दिवसाची होती. तोवर त्याला पोचवून आम्ही घरी परतलो होतो.

दार राहू दे. पायऱ्या सापडल्या. एक.

दुसऱ्या दिवशी, दोन.

रोज एकच.

एकशे एकतीस दिसलं आणि मी कंट्रोल-एस दाबलं.

पडदा थांबला. फक्त पडदा.

त्याला आज आठ दिवस झाले, म्हणजे एकशे एकोणचाळीस. उद्या पाळी माझी आहे. दार अजूनही फक्त वरूनच उघडतं.