हवालदार बुडाला!

हवालदार बुडाला. घाबरू नका, हवालदार हे एका बदकाचं नाव आहे. खरा हवालदार बुडाला असता तर समजू शकलो असतो. सगळ्यांनाच पोहता येतं असं नाही. पण बदक? बदकाने बुडणं म्हणजे विस्तवाला हुडहुडी भरण्यासारखं झालं!

ही हकिगत सन २०६३ची, भंडारा जिल्ह्यातल्या एका तळ्याकाठची. दहा वर्षांच्या केतकी बोरकरने या बदकाला पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं. छाती काढून चालायचा, म्हणून नाव हवालदार. महिन्यापूर्वी भाजी पोचवणाऱ्या ड्रोनचं पातं त्याच्या पंखाला लागलं. केतकीने पट्टी बांधली, हाताने दाणे भरवले आणि जखम भरल्यावर त्याला रोज आंघोळ घातली. स्वतःच्या मोगऱ्याच्या शाम्पूने. एवढं सुगंधी बदक जिल्ह्यात दुसरं नव्हतं.

मग तिने त्याला तळ्यात सोडलं. हवालदार दोन हात पुढे गेला, मागून खाली बसू लागला आणि बघता बघता नुसती मान पाण्यावर उरली. केतकी कपड्यांसकट पाण्यात शिरली आणि त्याला उचलून घरी पळाली. तो चिंब भिजून थरथरत होता.

"आई, हवालदार बुडून राहिला होता!"

"काहून? बदक ना ते?" आई म्हणाली. "अंग कोरडं पडलं असंल. तेल लाव."

आपल्याकडे डोकं दुखलं तरी तेल, गुडघा दुखला तरी तेल. शिवाय बदकाची पिसं तेलकट असतात, हे केतकीने पुस्तकात वाचलंही होतं. तिने अर्धी बाटली खोबरेल त्याच्या अंगात जिरवलं. दुसऱ्या दिवशी काठालगतच्या उथळ पाण्यात पुन्हा सोडून पाहिलं. हवालदार आदल्या दिवसापेक्षा लवकर बुडाला.

आता मात्र केतकीला रडू फुटलं. त्याला टॉवेलात गुंडाळून तिने गुरांचा दवाखाना गाठला. तिथे पशुमित्र नावाचा यंत्रमानव बसायचा.

"जनावर दूध किती देतं?" पशुमित्रने विचारलं.

"बदक आहे ते!"

"लिटरमध्ये सांगा."

"शून्य!"

"भाकड. शिंगं?"

"अरे, नीट बघ ना! तो थंडीने मरेल!"

पशुमित्रने मान खाली करून नीट पाहिलं. "पशुपालक, मला गायी-म्हशी शिकवल्या आहेत. या जनावराबद्दल मला काहीही माहीत नाही."

एवढा प्रामाणिक डॉक्टर केतकीने पहिल्यांदाच पाहिला. "मग आता?"

"आता शोधावं लागेल," पशुमित्र म्हणाला. त्याने आधी हवालदारला उबदार दिव्याखाली ठेवलं आणि केतकीकडून शाम्पू-खोबरेलासकट सगळी हकिगत ऐकली. "याचं अपघाताच्या आधीचं एखादं पीस आहे?"

होतं! केतकीच्या वहीत खुणेसाठी ठेवलेलं. ती धावत जाऊन घेऊन आली. पशुमित्रने ते आणि आज गळलेलं पीस, दोन्ही आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक वस्तू शेकडो पटींनी मोठी दाखवणाऱ्या भिंगाखाली) धरली. भिंतीवर चित्र उमटलं आणि केतकी ओरडलीच, "चेन! माझ्या दप्तराची चेन!"

खरंच तसं दिसत होतं. जुन्या पिसाच्या प्रत्येक धाग्याला पिच्छिका (केसाहून बारीक तंतू) होत्या. एका धाग्याच्या पिच्छिकांना इवले आकडे, ते शेजारच्या धाग्यात अडकून घट्ट जाळी झालेली. दुसऱ्या पिसात मात्र धागे एकमेकांना चिकटून त्यांचे झुबके झाले होते आणि मधे मोठमोठ्या फटी पडल्या होत्या.

"पण जाळीलाही भोकं असतातच की," केतकी म्हणाली.

"छत्रीच्या कापडालाही असतात. पाऊस आत का येत नाही?"

केतकी भिंतीवरची जाळी पुन्हा निरखू लागली.

"पाण्याला स्वतःला घट्ट धरून ठेवायची सवय असते. तिला पृष्ठताण म्हणतात (पाण्याच्या पृष्ठभागाची आवळून राहण्याची ओढ). भोक अगदी बारीक असलं आणि धाग्याला तेलाचा हलका हात असला, की थेंब आत न शिरता वरच गोल होऊन बसतो."

"म्हणजे जाळीच्या आत पाणी नाही..." केतकीचे डोळे मोठे झाले. "हवा! आत हवा आहे! हवालदार हवेच्या गादीवर बसून फिरतो!"

"फिरत होता. शाम्पूने त्याचं तेल गेलं. रोज तो चोचीने पिसं विंचरून आकडे बसवत असणार आणि रोज आंघोळीत ते सुटत असणार. मग खोबरेलाने उरलेले धागेही चिकटले. गादी पंक्चर."

"म्हणजे मीच बुडवला त्याला." केतकीचा आवाज बारीक झाला.

"अतिशय मनापासून," पशुमित्र म्हणाला. यंत्रमानवाला खोटा धीर देता येत नाही. "खोबरेल काढायला एकदाच साबण लावू, कोमट पाण्याने तो पुरता धुऊन काढू. त्यानंतर तुम्ही काही करायचं नाही."

"काहीच नाही?"

"लाखो आकडे आहेत. ते बसवायचं एकच हत्यार मला दिसतं, त्याची चोच."

काही न करणं हे फार अवघड काम. केतकी घरी हात पाठीमागे बांधून पाण्याच्या टबाशेजारी बसायची. हवालदार टबात डुबकी मारायचा, बाहेर येऊन शेपटीच्या मुळाशी चोच घासायचा आणि एकेक पीस चोचीतून ओढायचा. शेपटीशी त्याची तैलग्रंथी (अंगच्या तेलाची छोटी कुपी) आहे, हे तिने स्वतःच शोधलं. रोज ती त्याच्या पाठीवर पाण्याचा एक थेंब टाके. थेंब जिरायचा. आई दोनदा तेलाची बाटली घेऊन आली, दोनदा परत पाठवली गेली.

नवव्या सकाळी थेंब जिरला नाही. मोत्यासारखा गोल झाला आणि घरंगळला. हवालदारला उचलून केतकी दवाखान्यात धावली.

"पशुमित्र! चल लवकर!"

तिघं तळ्यावर गेली. केतकी आधीच कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली, हात पसरून. हवालदार उतरला. दोन हात गेला. चार हात. त्याची पाठ कोरडी होती आणि शेपूट ऐटीत वर. केतकीचे हात अजून तसेच पसरलेले.

"वीस हात," पशुमित्र मोजत होता. "तुम्ही बाहेर आलात तरी चालेल."

केतकी निथळत काठावर आली. "पशुमित्र, असं कापड करता येईल? उसवलं की नुसता हात फिरवायचा, आकडे पुन्हा बसले!"

"माझ्या माहितीत तरी कुणी केलेलं नाही."

"मग मी करीन," केतकी म्हणाली आणि ओला फ्रॉक पिळू लागली. तळ्याच्या मधोमध हवालदारने खाऊ शोधायला डोकं पाण्यात खुपसलं आणि दोघांकडे शेपूट केली.