प्रोसेसरला लावलेलं कुंकू

“भावाला घेऊन या ताई, त्याला नीट समजावून सांगतो,” दुकानाचा मालक म्हणाला आणि अश्लेषाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“भाऊ नाही मला. गेम मी खेळते आणि कॉम्प्युटरही मीच जोडणार आहे. तुम्ही प्रोसेसर दाखवा.”

धाराशिवच्या बसस्टँडसमोरचं ते अरुंद दुकान. पंखा वारा कमी, आवाजच जास्त करत होता. मालकानं काउंटरवर एक जुनाट चिप ठेवली. “आय-सेव्हन! गेमिंगला एक नंबर. तुमच्या बजेटात अख्खं मशीन बसवून देतो.”

“बडा घर पोकळ वासा…” मागून कुणीतरी पुटपुटलं.

तिनं वळून पाहिलं. स्टुलावर बसून एक तरुण उघड्या सीपीयूमधली धूळ ब्रशनं झाडत होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांवर धूळ, आणि चेहरा असा साळसूद, की जणू बोलला तो ब्रशच!

“नंदीश!” मालक गुरकावला.

“दहा वर्षांमागचा हाय मालक तो. उद्या ह्या परत येतील अन् भांडण तुमच्याशीच करतील.” मग तिच्याकडे बघून म्हणाला, “नवा आय-फाइव्ह घ्या. सहा कोअर हायत, म्हंजे सहा डोकी. लई दिवस बघायला नको.”

“आणि ग्राफिक्स कार्ड? ते काय तुम्ही आहेर करणार?”

त्याचा ब्रश थांबला.

“नवा आय-थ्री द्या, बिनग्राफिक्सचा,” ती मालकाला म्हणाली. “उरलेल्या पैशांत कार्ड घेईन. गेममधलं चित्र कार्ड काढतं. सगळा पैसा डोक्यावर घातला तर डोळे कुठून आणू?”

“चारच कोअर हायत त्याला. पुढं अडाल.”

“अडले तर मी अडेन. तुम्हाला कशाला त्रास?”

“अडलात तर फोन करा,” तो बिलाच्या मागं नंबर लिहीत म्हणाला. “त्रास करून घ्यायला आवडंल मला…”

काय हा आगाऊपणा! असं ती घरी, तुळजापूरला जाणाऱ्या एसटीत बसून स्वतःला बजावत राहिली. नंबर मात्र घाट चढायच्या आत सेव्ह झाला होता.

आता घरचं सांगायला हवं. वडील गोपाळकृष्ण, निवृत्त मुख्याध्यापक. गणिताच्या शिकवण्या करून लेकीनं साठवलेला पैसा खेळण्यात जाणार, याचा त्यांना संताप होता. “सुटे भाग आणून कुठं मशीन चालतं का? बरं, जोड! पुढच्या आठवड्यात रविवारी पाचला कळंबची मंडळी तुला बघायला येणार आहेत. त्याआधी तुझं तू चालू करून दाखव, मी त्यांना येऊ नका म्हणून कळवतो. नाही झालं, तर निमूटपणे साडी नेसायची आणि हा नाद सोडायचा.”

“शब्द?”

“शब्द.”

मुख्याध्यापकांनी जन्मात शब्द मोडला नव्हता. आपण हरू अशी शंका मात्र त्यांना शिवलीही नव्हती.

पुण्याहून कार्ड यायला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत नंदीशला रोज एक मेसेज जाऊ लागला.

‘प्रोसेसरवर पेस्ट किती लावायची?’

‘वाटाण्याएवढी.’

‘ओला वाटाणा की सुका?’

‘ओला. आता विचारा, सोललेला की शेंगेतला… म्हणजे अजून थोडं बोलणं व्हईल.’

ती उशीत तोंड खुपसून हसली. नळदुर्गचा हा मुलगा तिला ‘हे तुम्हाला जमणार नाही’ असं एकदाही म्हणाला नव्हता. तेवढ्यावर माणूस आवडावा का? आवडला होता, त्याला ती काय करणार!

रविवार उजाडला. कार्ड दुपारी आलं, बाकीचे भाग दुकानातून आधीच आणलेले होते. तीन वाजता तिनं देवघरात ठेवलेला प्रोसेसर उचलला. डबी उघडलेली. चिपच्या सोनेरी बाजूवर मधोमध, ओल्या बोटानं लावलेलं ठसठशीत हळदीकुंकू!

“आई! हे काय केलंस? वीज त्याच बाजूनं जाते गं!”

चारुशीलाबाई पदराला हात पुसत आल्या. “नव्या वस्तूला कुंकू नको का लावायला? चेहरा कुठला ते कळेना. सोन्याची बाजू दिसली, म्हटलं हाच असेल.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुझं चालू व्हावं म्हणून गं…”

आता रागवायचं तरी कुणावर? तिनं नंदीशला फोन लावला.

“पाणी लावू न्हका!” नंदीश ओरडला. “फुंकर बी न्हाय. निघालोच मी.”

चाळीस मिनिटांत त्याची मोटारसायकल दारात. खिशात स्पिरिटची बाटली, मऊ ब्रश आणि कापूस. गोपाळकृष्ण उंबऱ्यातच उभे होते.

“मदत चालणार नाही. तिचं तिनं करायचं ठरलंय.”

“हात लावत न्हाय सर. बसतो नुसता.”

आणि खरंच, तो भिंतीला टेकून दोन्ही हात काखेत घालून बसला. अश्लेषानं ब्रश बुडवला, हलक्या हातानं फिरवला. कापूस लाल… पिवळा… पुन्हा लाल. तिचा ब्रश भरभर फिरायला लागला.

“हळू. घाई न्हाय.”

“पाचला कळंब दारात येतंय आणि घाई नाही?”

“मला हाय की घाई,” तो फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला. “तुमच्यापेक्षा जास्त…”

तिनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत आता चेष्टा नव्हती. तिचा ब्रश आपोआप हळू झाला.

कापूस पांढरा निघाला. तिनं चिप बसवली, दांडी दाबली, ओल्या वाटाण्याएवढी पेस्ट घातली, पंखा कसला, कार्ड खोचलं. पावणेपाचला बटण दाबलं. पंखे फिरले. टीव्हीचा पडदा काळा… काळाच…

आणि पडद्यावर अक्षरं उमटली!

अश्लेषाला ओरडायचं होतं, पण आलं रडू. गोपाळकृष्णांनी वाकून पडद्यावरची अक्षरं वाचली. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि वळले ते नंदीशकडे. सांगायला नको, आपल्याकडे पुढचा प्रश्न कुठला येतो ते.

“आडनाव काय तुमचं?”

नंदीश उठून उभा राहिला. पण त्याच्याआधी तीच बोलली.

“ते मला विचारा बाबा. आपल्यातले नाहीत. लिंगायत आहेत, नळदुर्गचे. आणि मला आवडतात.”

नंदीशचे कान लालबुंद झाले होते.

“हे… हे मला आधी सांगायचं न्हाय का?”

“आता सांगितलं की. तुमचं काय ते बोला. बाबांच्या देखत बोला.”

त्यानं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“मी तर सर… त्या दिवशी मालकासमोर भांडल्या ना, तवाच हरलोय.”

गोपाळकृष्णांच्या कपाळावर आठ्या चढल्या. “प्रोसेसर आणि नवरा एकच वाटला का तुला? हे असलं माझ्या घरात…”

“अहो,” चारुशीलाबाई मध्ये आल्या. उभ्या जन्मात नवऱ्याचं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच तोडलं होतं. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून नवऱ्याच्या हातात ठेवला. “ते मागनं बघू. शब्द दिलाय तुम्ही. कळंबची मंडळी वाटेत असतील, आधी त्यांना फोन लावा.”